खुबडिंगळ कुठून आलं

मागच्या महिन्यात लोणावळ्याच्या बाजारात एक गृहस्थ भेटले. मुंबईहून हवापालटाला आलेले, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून रुमाल, आणि हातात एक लहानशी वही. गावोगावचे शब्द टिपून घेण्याचा त्यांना नाद. वाण्याच्या दुकानात गूळ जोखताना वाणी आपल्या भावाला म्हणाला, "तुझं ते खुबडिंगळ बंद कर आणि आधी गिऱ्हाईक बघ." गृहस्थांनी लगेच पेन्सिल काढली. खुबडिंगळ म्हणजे काय? म्हणजे वायफळ बडबड, अर्थ नसलेलं बोलणं. बरं, शब्द आला कुठून?

झालं. वाण्यानं सांगितलं, घाटातले बोगदे खणायला परमुलखातली माणसं आली होती, त्यांचा शब्द. शेजारचे बशीरभाई शिंपी म्हणाले, छे, गोऱ्या पलटणीतल्या खानसाम्याचा. तिसऱ्या एकानं तर तो थेट लोहगडावर नेऊन ठेवला. गृहस्थांनी तिन्ही मतं वहीत उतरवून घेतली. मी तंबाखूची पुडी बांधून घेत बाजूला उभा होतो. उगाच कशाला कुणाच्या इतिहासात पाय घालायचा?

पण घरी आल्यावर ते पोटात राहीना. या शब्दाच्या बाळंतपणाला मी स्वतः हजर होतो. खरं सांगायचं तर तो माझ्याच एका लबाडीपोटी जन्मला. संपादकांनी दिवाळीसाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्याच आहेत, तर हीच सांगून टाकतो. बाकी माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं फार नाही. एका खुर्चीवर अठ्ठावीस वर्षं बसलो, एवढंच.

मी टेलिफोनबाबू होतो. आमच्या कंपनीची तळी लोणावळ्याच्या आसपास आणि वीजघर घाटाखाली. तळ्याचं पाणी दारांतून कालव्यात, कालव्यातून घाटमाथ्यापर्यंत आणि तिथून मोठमोठ्या नळांतून खाली. खाली विजेची मागणी वाढली की वीजघरातून निरोप येई, पाणी वाढवा. मी तो तळ्यावरच्या चौकीला देई, चौकीदार दार उघडी. कालव्यात गवत काढायला माणसं उतरली असली की निरोप उलटा जाई, दाराला हात लावू नका. या सगळ्याला आधार एकच, खांबांवरून गेलेली एक तार. ती नीट असली तर सगळं नीट.

आता मावळातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की इथे आषाढ-श्रावणात तार नीट राहणं हे नवलच. वेल चढतात, ओल्या फांद्या टेकतात, वानरं खांबांवरचे, तार धरून ठेवणारे चिनी मातीचे पेले फोडतात. तारेतून जाणारं बोलणं मग अर्धं गळतं आणि अर्धं खरखरत पोचतं. म्हणून लायनमन ठेवलेला असे. त्यानं खांद्याला टेलिफोनची पेटी अडकवून तारेच्या कडेकडेनं चालायचं, ठरलेल्या खांबावर चढून पेटी जोडायची, दांडी फिरवून माझी घंटी वाजवायची आणि बोलायचं. कंपनीच्या पुस्तकात काय बोलायचं तेही छापलेलं होतं. एक ते दहा आकडे, इंग्रजीत. ते मला स्वच्छ ऐकू आले की मी 'ओके' म्हणायचं, रजिस्टरात तसं लिहायचं आणि त्यानं पुढच्या खांबाला जायचं.

आमचा लायनमन किसन. कुसगावचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला किसनभाऊ म्हणे. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, आणि शाळेची पायरी न चढलेला. त्याचं सगळं इंग्रजी त्या दहा आकड्यांत संपे, पण ते तो असे खणखणीत म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं अकरावा आता येतोच आहे.

मला नोकरीत चार-पाच वर्षं झाली असतील. श्रावणातला दिवस. सकाळपासून धुकं असं की समोरचं चिंचेचं झाड दिसत नव्हतं. किसनभाऊ एकेका खांबावरून घंटी वाजवत होता आणि मी शेगडीला पाय लावून, एका हातानं चहा पीत, 'ओके, ओके' करत होतो. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला. अंगावरचं घोंगडं दाराबाहेर झटकलं, आत कुणी नाही हे बघितलं आणि विचारलं,

"बाबू, काल वडाच्या खांबावरनं म्या काय बोललो?"

"काय बोलणार? वन टू थ्री. दहापर्यंत."

"म्या काय बी न्हाई बोललो. घंटी वाजवली आन् तोंड मिटून हुबा व्हतो."

मी रजिस्टर उघडलं. वडाचा खांब, वेळ, आणि पुढे माझ्या सुंदर अक्षरात 'ओके, स्वच्छ ऐकू आले.' शपथेवर सांगतो, मी आकडे ऐकले होते. त्या खरखरीत मला वन ऐकू आला होता, फाइव्ह आला होता, टेनसुद्धा आला होता. रोज ऐकून ऐकून ते कानात इतके बसले होते की बोलणाऱ्याची गरजच उरली नव्हती.

रजिस्टरात खोटी नोंद म्हणजे नोकरीवरून बडतर्फी, हे दोघांनाही ठाऊक होतं. किसनभाऊनं वरच्या साहेबाला नुसतं जाऊन सांगितलं असतं तरी माझं आटोपलं असतं. त्यानं घोंगडं पुन्हा खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "समदं ठावं असल्यावर कान कशाला लागतोय, बाबू? तुमी ऐकावं आसं वाटत आसंल, तर तुमाला ठावं न्हाई आसं कायतरी बोलाया पायजे."

आम्ही आधी गावांची नावं घेऊन बघितली. पण पहिलं अक्षर आलं की बाकीचं गाव मी स्वतःच वसवून टाकी. भाज्या, देव, महिने, सगळ्यांचं तेच. अर्थ असलेला शब्द अर्धा पोचला तरी मन तो पुरा करून घेतं आणि कानाला श्रेय देतं. शेवटी एके दिवशी कुसगावच्या बाजूच्या खांबावरून घंटी वाजली आणि पलीकडून किसनभाऊ शांतपणे म्हणाला, "खुबडिंगळ."

मी म्हटलं, काय?

"खुबडिंगळ. परत म्हना."

पाच वेळा माझं चुकलं. कधी शेपूट गळे, कधी मधलं ठिगळ. किसनभाऊ पाचही वेळा खांबावरून उतरला, फांद्या छाटल्या, तार ओढून घेतली आणि पुन्हा चढला. सहाव्या वेळी मी शब्द अख्खा परत म्हटला. तो म्हणाला, "आता लाइन चालू झाली," आणि खरंच, त्या दिवशी तळ्यावरच्या चौकीदाराचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला.

तेव्हापासून आमचा रिवाज पडला. दर वेळी नवा शब्द, कारण जुना झाला की तोही ठाऊक होतो. खांबावर चढता चढता किसनभाऊ तो रचायचा. त्यात ओळखीचा एकही तुकडा असता कामा नये, हा त्याचा नियम, आणि तो फार कडक पाळायचा. ढपुरचिंजी, मुदकळफट, झेंगटुली, लिबूरधस. मी परत म्हणायचं आणि रजिस्टरात लिहायचं. संध्याकाळी मी वाचून दाखवी आणि तो माना डोलावी. अशा शब्दांना आम्ही मिळून पहिल्या शब्दाचंच नाव दिलं. 'आज किती खुबडिंगळं झाली?' 'अकरा.' चौकीदारांनी ते उचललं, कालव्यावरच्या माणसांनी उचललं, त्यांच्या बायकांनी घरी नेलं. दोन-चार वर्षांत माझी स्वतःची बायको मला सुनावू लागली, "खुबडिंगळ पुरे, पानं वाढली आहेत."

गमतीही झाल्या. तळ्यावरचा एक जुना चौकीदार या शब्दांना मंत्र समजायचा. त्यानं टेलिफोनला लिंबू-मिरची बांधली होती आणि शनिवारी न चुकता बदलायचा. एकदा आमचे गोरे इंजिनियरसाहेब अचानक कचेरीत आले, तेव्हा मी टेलिफोनवर ओरडून 'ढपुरचिंजी' म्हणत होतो. त्यांनी अर्थ विचारला. मी घाबरून सांगितलं, इकडच्या भाषेत 'लाइन चांगली आहे' असं म्हणतात. साहेब भाषेचे हौशी. त्यांनी ते कागदावर टिपून फायलीला लावलं आणि पुढे महिनाभर भेटेल त्या माणसाला हसून ढपुरचिंजी म्हणत होते. आम्ही पोट धरून हसलो. तो कागद पुढे गळ्याशी येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक?

बेचाळीस सालचा पावसाळा आला. ठिकठिकाणी तारा कापल्या जात होत्या. कंपनीनं तारांवर आणि नळांवर पहारा ठेवायला पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आणले. साताऱ्याकडचे, उंचेपुरे, सरळ मनाचे, पण संशय हाच त्यांचा धंदा. त्यांनी आल्या आल्या माझी रजिस्टरं मागवली. इतक्या वर्षांची खुबडिंगळं त्यांच्यापुढे एका खाली एक उभी राहिली. त्यांनी तीन दिवस ती वाचली. चौथ्या दिवशी सकाळी किसनभाऊला पहाऱ्याच्या खोलीत बसवलं, आणि मला बोलावलं.

हे सांकेतिक शब्द आहेत आणि हा लायनमन तार कापणाऱ्यांना निरोप देतो, असा त्यांचा अंदाज. मी म्हटलं, साहेब, यांना काही अर्थ नाही. ते म्हणाले, अर्थ नाही तर इतकी वर्षं जपून लिहून का ठेवलेत? शिवाय त्यांनी फायलीतून गोऱ्या साहेबांचा कागद काढून पुढे ठेवला. कागदावर अर्थ आहे, तुमच्या तोंडी नाही, यातलं खरं काय? एखाद्या शब्दाचा अर्थ सिद्ध करायला कोश असतो. त्याला अर्थ नाही हे सिद्ध करायला जगात काही नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. कंपनीच्या पुस्तकात आकडे दिलेले असताना ते सोडले का?

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी खोटी नोंद केली म्हणून. पण घरी तीन मुलं, धाकटी अजून शाळेत. मी म्हणालो, "लायनमनला आकडे नीट येत नाहीत."

सुभेदारांनी किसनभाऊला आणवलं आणि माझ्यादेखत विचारलं, "काय रे, आकडं येत न्हाईत तुला?"

किसनभाऊनं माझ्याकडे बघितलं. ज्यानं हजारो वेळा खांबावरून ते दहा आकडे म्हटले होते, तो मान खाली घालून म्हणाला,

"न्हाई साहेब. येत न्हाईत."

सुभेदारांनी सांगितलं, संध्याकाळच्या गाडीनं याला पुण्याला पोलिसांच्या हवाली करायचा. मी जेवायला घरी गेलो. पानावर बसलो आणि ताट बाजूला सारलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि देव करो, पुढेही न वाटो. बायकोनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, वडाच्या खांबापासून. तिला तोवर काहीच ठाऊक नव्हतं. ती रागावली नाही. भात तसाच झाकून ठेवत म्हणाली, "इतकी वर्षं तो गप्प बसला. तुम्हाला एक दुपार बोलायला जड जातंय?"

मी तसाच उठलो. सुभेदार विडी ओढत व्हरांड्यात बसले होते. त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं की सकाळी मी खोटं बोललो, आणि त्याआधी अठरा वर्षांपूर्वी खोटं लिहिलं. कागदाचंही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, न बोललेलं माणसाला ऐकू येतं, हे मला पटत नाही. मी म्हटलं, तुम्हीच बसून बघा.

किसनभाऊला पेटी देऊन आवाराबाहेरच्या तिसऱ्या खांबावर चढवलं. खाली एक पहारेकरी. पाऊस पडत होताच, तारेत खरखर होतीच. आकडे म्हणा, एवढंच मी त्याला सांगितलं होतं, बाकी तो समजला. सुभेदार माझ्या खुर्चीवर बसले, टेलिफोन कानाला लावला. घंटी वाजली. ते डोळे मिटून ऐकत होते आणि बोटं मोजत होते.

"दहाच्या दहा आलं," ते म्हणाले. "म्हंजी आकडं येत्यात की त्याला."

किसनभाऊला आत आणलं. त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं. मी विचारलं, भाऊ, काय काय बोललात?

"सात आन् आठ बोललोच न्हाई, साहेब. तवा तोंडावर हात धरला व्हता." पहारेकऱ्यानं मान हलवली, व्हय, धरला होता.

सुभेदार आपल्या हाताच्या बोटांकडे बघत बसले. मग किसनभाऊला पुन्हा खांबावर धाडलं आणि या वेळी खुबडिंगळ मागितलं. चार वेळा त्यांचं चुकलं. पाचव्या वेळी त्या मिशाळ माणसानं 'फुंदरझिकुल' असा शब्द कपाळाला आठ्या घालून बरोबर म्हटला, आणि तो आला तेव्हा लहान पोरासारखे खूश झाले. किसनभाऊला त्यांनी तिथल्या तिथे सोडलं.

मला मात्र सोडलं नाही. लेखी ताकीद मिळाली, आणि त्यांनी साहेबाला सांगून मला खुर्चीवरून उठवलं. राहिलेला पूर्ण पावसाळा मी किसनभाऊबरोबर तारेच्या कडेनं चालायचं, ही शिक्षा. कचेरीत दुसरा बाबू बसला. सुभेदार म्हणाले, पलटणीत ज्यानं निरोप गाळला त्याला निरोप घेऊन पळायला लावतात.

त्या शिक्षेबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. खुर्चीत बसून मला वाटायचं, लायनमनचं काम म्हणजे चालणं. पहिल्या आठवड्यात जळवांनी पाय फोडले, दुसऱ्यात खांबावरून घसरून गुडघा सोलला. किसनभाऊ पुढे चालायचा, मागे न बघता म्हणायचा, "हितं दगड हलतोय." दुपारी एखाद्या झापाखाली बसून भाकरी आणि सुकटीची चटणी. माझ्या घरी सुकट चालत नसे, हे त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी मी न विचारता त्याच्या फडक्यातली घेतली. त्यानं फडकं जरा माझ्याकडे सरकवलं. एकदा मी विचारलं, आकडे येत नाहीत असं का म्हणालात? तो म्हणाला, "तुमी तसं बोलला व्हता. तिथं दोन तोंडानं दोन गोष्टी झाल्या आसत्या, तर दोघं बी गेलो आसतो." त्यात उपकाराची भाषा नव्हती. त्याच्या दृष्टीनं तोही लाइन चालू ठेवण्याचाच प्रकार होता.

पावसाळा संपला, मी खुर्चीवर परत गेलो. पण 'ओके' हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून सहज निघाला नाही. ऐकू आलं नसेल तर 'आलं नाही, परत बोला' म्हणायचं. कुठल्याही बाबूला याहून अवघड वाक्य नाही, हे स्वतःवरून सांगतो. पुढे आम्ही दोघेही वर्षाच्या अंतरानं निवृत्त झालो.

बाजारातल्या त्या गृहस्थांची गोष्ट सांगायला मी गेल्या आठवड्यात कुसगावला गेलो. किसनभाऊ अंगणात भाताच्या पेंढ्यांना टेकून बसला होता. कानानं आता फार कमी ऐकू येतं, सून सांगत होती की हाक मारून मारून घसा बसतो आणि हे आपले सगळ्यालाच 'व्हय व्हय' म्हणतात. मी शेजारी बसलो, त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोगदे, पलटण आणि लोहगड हे सगळं सांगितलं. तोही 'व्हय व्हय' करत राहिला. पोचलं की नाही, कळेना.

मग मला आठवलं की हे तपासायची आमच्याकडे रीत आहे. पण इतक्या वर्षांत शब्द नेहमी त्यानंच रचला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एक रचला, बराच वेळ लागला, आणि त्याच्या कानात म्हटलं, "लगमुटींजर."

त्याची मान थांबली. डोळे बारीक झाले. "फिरून," म्हणाला. मी फिरून म्हटलं. ओठ हलवत हलवत त्यानं तो अख्खा परत केला. लगमुटींजर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सून उंबऱ्यावर सूप धरून बघतच राहिली.

मग त्यानं माझा दंड धरला, जवळ ओढलं आणि दात नसलेल्या तोंडानं माझ्या कानात एक शब्द सोडला. पुढचा भाग आला, मागचा गेला. माझेही कान आता पूर्वीचे नाहीत. सून बघत होती, म्हातारा आशेनं बघत होता, आणि जुन्या सवयीचं ते 'ओके' माझ्या अगदी ओठांपर्यंत आलं.

मी म्हटलं, "आलं नाही, भाऊ. परत बोला."

किसनभाऊ हसला. "आता लाइन चालू झाली," म्हणाला, आणि त्यानं तो शब्द परत सांगितला.